मरळीचं तोंड

"हॅलो?… हां, बोल वं रेणुके… कोण म्हंजे? मालनच. माह्या फोनवर दुसरं कोण बोलीन, हैदराबादची बेगम?"

मालनबाई न्हाणीपाशी पाटावर बसल्या होत्या. समोर बादली, बादलीत धाकट्या बहिणीने, रेणुकाबाईंनी, काल पाठवलेली जिवंत मरळ, बाजूला राख आणि विळी. त्यांच्या मुलीला, भाग्यलक्ष्मीला, पाहायला आज दुपारी भैंसा गावचे पाहुणे यायचे होते. स्वयंपाक थोरल्या बहिणीकडे. हा उपकार कुठल्या रकान्यात मांडायचा, ते मालनबाईंचं कालच ठरलं होतं.

"नाई कापली अजून… अवं, बाराले येतीन ते, आतापासून कापून काय करू?… पण एक मरळ पुरते का? संगं पोराचा मामा हाये. त्यायच्या थोरलीच्या लग्नात एकला पंगत उठेपर्यंत जेवत होता, ध्यानात हाये माह्या… तू कुठी हायेस? आवाज कसा खोल येऊन राह्यला… डोहात? एवढ्या गारठ्यात?… गुडघाभरच ना? बरं."

दुसऱ्या टोकाला बरंच बोलणं झालं. मालनबाईंनी फोन या कानावरून त्या कानावर घेतला.

"हो, हो… अवं ऐक ना. हिवाळ्यात वरच्या बंधाऱ्यायले फळ्या लावल्या का नदी थांबतेच. आपल्या वाट्याले वाळू… सगळ्या डोहात आल्या? रोहू, वांब, सगळंच?… येतीनच. जिथं खोल, तिथं मासोळी. माय काय म्हने? माहेरपणाले आल्या, हात लावू नका… हो, मले मालूम हाये माय मेली."

खरं तर 'अजून दोन-तीन पकडून आण' हा निरोप सकाळी मालनबाईंनीच धाडला होता. पण तो रकाना त्यांनी कोरा ठेवला होता.

"पळत नाईत?… हात लावला तरी?… गारठल्या असतीन. थंडीत मासोळी खाते ना हालते, नुसती पडून राह्यते. तुह्या सासऱ्यासारखी… हसू नको, भर टोपल्यात. टोपलं माहं हाये, दिवाळीपासून तुह्याकडं हाये. आज वापस पायजे… तोंडं? एकीचं इकडं, एकीचं तिकडं, असंच राह्यते. पाणी वाहते तवा मासोळी वरच्या अंगाले तोंड करते. वाहनंच नाई, तर कुणीकडं पाहीन?"

मालनबाईंनी फोन कानाशी दाबला.

"काऊन चूप झाली?… रेणुके?… काय वळल्या?… सगळ्या?… एकाच टायमाले?… कुणीकडं?… मावळतीकडं?"

मालनबाई हसल्या. हसण्यात आवाज होता, हसू नव्हतं. लहानपणी पोरी डोहातून निघत नसल्या की माय म्हणायची, थांबल्या पाण्यात मासोळीले दिशा नसते. दिशा आली का आपुन पाय काढावा. पोरींना भिवडवायला म्हणत असेल, असंच त्यांनी आजवर धरलं होतं.

"अवं, काई नाई, उन्हाकडं…"

ऊन उगवतीला होतं. मालनबाईंनी बादलीत पाहिलं. सकाळपासून मरळ चुलीकडे तोंड करून पडली होती, काठीसारखी. आता तिचं तोंड भिंतीला लागलं होतं. त्या भिंतीमागे शेजारच्या उद्धवरावांचं कापसाचं वावर, आणि वावरामागे नदीचं वरचं अंग. मावळती.

"रेणुके, निघ… बाहेर निघ… पाणी नाई हाललं तरी निघ!… टोपलं सोड… माहंच हाये ना? मीच म्हनतो सोड!… चप्पल गेली मसणात!… कायचा आवाज?… ट्रॅक्टर? अवं नदीत ट्रॅक्टर कोण आनीन! पळ, माय, पळ!"

फोन तुटला.

मालनबाईंनी परत लावला. एका बाईने गोड आवाजात तेलुगूत काहीतरी सांगितलं. पुन्हा लावला, तीच बाई, तोच गोडवा. मरळीचे कल्ले भराभरा हलत होते. बाकी अंग दगड.

मग फोन वाजला.

"हॅलो?… रेणुके! निघाली ना?… रडू नको. दम घे… गेलं तर गेलं टोपलं… फुटला असन वरचा एखादा बंधारा… कुठी हायेस? पिंपळापाशी?… उतरून राह्यलं पाणी? बरं झालं, ये आता घर—"

त्यांची नजर बादलीत गेली. मरळीचं तोंड अजून भिंतीलाच होतं.

"थांब. उतरू नको… चप्पल दिसली? राहू दे… वर चढ… पिंपळापाशीबी नको. देवळाच्या पायऱ्या चढ… अजून वर… काऊन ते नको विचारू, मले सांगता येत नाई… चढली?… फोन ठेवू नको. बोलूबी नको."

एकीचा धापांचा आवाज दुसरीच्या कानात.

"…आला?… पह्यल्यापेक्षा मोठा?… कुठवर?"

मालनबाईंनी भिंतीला हात टेकला.

"पिंपळ दिसत नाई?… तू उभी होती, तोच?"

बराच वेळ पलीकडे नुसतं रडणं होतं. मालनबाईंनी ते सगळं ऐकून घेतलं. मग बादलीत पाणी हललं. मरळ भिंतीपासून सुटली, सावकाश फिरली, आणि मालनबाईंकडे तोंड करून थांबली.

"हां… सरलं आता. वरच्या पांदीच्या वाटेनं ये, नदीकडून नको… पाहुण्यायले? वांगी हायेत घरी. मामा खाईन वांगी… नाई, मरळ नाई कापत… काऊन म्हंजे?… उगा… तुले कोणी आनाय लावल्या होत्या, ते तिले मालूम हाये वाटते… काई नाई. ये तू. ठेव."

फोन ठेवून मालनबाईंनी पाट उचलला आणि बादलीच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसल्या.

मरळही वळली.