जमीन कोणाचे पाय बघत न्हाई

विहारात जमलेल्या माझ्या आयाबायांनो, भावांनो, सरांच्या हाताखाली शिकलेल्या लेकराहो,

तो माईक जरा खाली करा. हां. बराबर. गयामावशी बडबडी हाय, हे गावाला ठाऊक हाय. पण असा हार घातलेला फोटो समोर ठेवून बोलायची मला सवय न्हाई. हाच शर्ट घालून सर आत्ता पोराच्या लग्नात मिरवत होते. मांडवाची लायटिंग अजून घरावर लटकून राहिली, आन् खंदारे सर न्हाईत. मला पटंना. कसं पटावं?

मी तिथंच होते. माझ्या ओट्यावर गहू पाखडत बसले होते. समोर सर शिडी लावून माळा काढून राहिले होते. मी म्हणलं, "सर, शिडी धरायला बोलवा की कोणाला." सर म्हणले, "मावशी, दोन माळा तर हाईत." हसले. आन् शिडीचा पाय फरशीवरून सटकला. बस. तोंडावरचं हसू बी गेलं न्हवतं. माणूस एवढ्यात जातं का हो? एवढ्यात?

तुमाला सरांनी शाळेत विज्ञान शिकवलं. मी दुसरीतूनच पळालेली. मला त्यांनी ओट्यावर शिकवलं. एकदा मी विचारलं, "सर, दाणा सुपात पडतो आन् भुसकट उडतं, ते काहून? जमीन दाण्यालाच ओढती का?" सर म्हणले, "न्हाई मावशी, ओढती दोघाला बी. भुसकट हलकं, त्याला हवा अडवती. याला गुरुत्वाकर्षण म्हणतेत." मी म्हणलं, "गुरुजीचं आकर्षण? गुरुजीकडं तर पोरं ओढून न्यावी लागतेत!" सर इतके हसले, इतके हसले, की त्यांची ही विमल घरातून कणकेच्या हातानं बाहेर आली, काय झालं म्हणून. व्हय ना गं विमल?

मी म्हणलं, "ती हवा नसती तर भुसकट डोळ्यात तरी गेलं नसतं." तर म्हणले, "हवेला बी जमिनीनंच धरून ठेवलंय. तिनं सोडलं तर हवा बी जाईल आन् घागरीतलं पाणी बी." मी सूप खाली ठेवलं. हवेला धरून ठेवती? बघा बाई! सिद्धेश्वर धरणाचं पाणी कालव्यानं उतरत उतरत आपल्या हळदीच्या रानाला येतं, ते बी म्हणे तिच्याच ओढीनं. माझी सारी जिंदगी त्या जमिनीवर गेली, आन् ती एवढं करून राहिली हे मला कोणी सांगितलंच न्हवतं. मला लई मजा वाटली. रातच्याला चुलीपाशी मी एकटीच हसले.

मग मी चंद्राचं काढलं. जमीन सगळ्याला ओढती, तर चंद्र खाली काहून येत न्हाई? सर म्हणले, "ज्वारी राखताना गोफण फिरवली ना तुमी? दगड पळायला बघतो, दोर त्याला धरतो, म्हणून तो गरगर फिरतो. चंद्राचं तसंच. दोर तेवढा दिसत न्हाई. आन् आपल्या पृथ्वीला, सगळ्या ग्रहाला, सूर्यानं तसंच धरलंय. सोडलं की गेले अंधारात." मी म्हणलं, "मग ग्रह लोकाला धरतेत म्हणतेत, ते?" तर म्हणले, "मावशी, त्यांनाच सूर्यानं धरून ठेवलंय, ते तुमाला काय धरतेत!"

असा माणूस. आन् सर गेले त्या दिवशी मी जमिनीवर पाय आपटला. म्हणलं, तुझे एवढे गुण गायले त्यानं, आन् तू त्यालाच ओढलं?

पण जमिनीला काय ठाऊक, शिडीवर कोण हाय? ती गुरुजीला ओढती, चोराला ओढती, सुपातल्या खड्याला ओढती. तिच्या मनात कोणाचा राग न्हाई.

राग माणसाच्या मनात ऱ्हातो. मी त्याच्यासाठीच उभी राहिले.

काल नळावर ऐकलं. आज विहाराच्या पायरीवर बी ऐकलं. "सून घरात आली आन् सासरा गेला." "पायगुण." "ग्रह फिरले." मी नाव घेत न्हाई. ज्या बोलल्या, त्यांनी खाली बघितलं, मला दिसलं. खंदारे सरांच्या शोकसभेला येऊन ग्रहाच्या गोष्टी? विहारात बसून?

प्रतीक्षा, सरांची सून, ती बघा तिकडं खांबाआड बसली. तिचे आईबाप न्यायला आलेत. बॅग भरलेली हाय. तिच्या हाताला पट्टी कशाची हाय, विचारलं का कोणी? मी सांगते. मी पाहिलंय. शिडी सटकली तवा ते लेकरू घरातून धावलं, दोन्ही हात पुढं करून. सर तिच्या हातावर आले. एवढा गडी माणूस, तिला कुठून झेपावा? मनगट मोडलं. तरी त्यांचं डोकं मांडीवर घेऊन "पप्पा, पप्पा" करून राहिली. जमीन ओढून राहिली होती, आन् सगळ्या गावात ते एकटं लेकरू धरून राहिलं होतं. मी बी न्हवते. माझ्या हातात सूप होतं.

पाय सटकला तो शिडीचा. पायगुण काढायचाच तर शिडीचा काढा.

विमल, तुझ्यावर काय कोसळलं ते मी जाणते. तुला बोल लावत न्हाई. पण त्या दिवसापासून तू तिच्याशी बोलली न्हाईस. आज ती बॅग घेऊन गेली, तर सारं गाव म्हणंल, बघा, खरंच होतं. मग तुझ्या नवऱ्यानं सारी हयात खडू झिजवून काय शिकवलं?

आता सरांसाठी उभं राहायचंय. थांबा, उठू नका अजून. प्रतीक्षा, पुढं ये माय. ये. लाजू नको, समोरून ये. वाट द्या तिला.

विमल, तिला जागा दे.

सरक, बाई.

थोडी अजून.

हां. आता उठा सगळे. घटकाभर कोणी काही बोलू नका.