देशपांडे, मुक्काम टेंभुर्णी

तुमाला सांगतो, ह्या आप्पा बनसोडेला गप करंल असा माणूस आख्ख्या सोलापुरात पैदा झाला न्हाय!... म्हंजे एक झालाय. घरातच हाय. बायको हाय माजी, दगडाबाई. आणि ती बोलून न्हाय, न बोलताच गप करती! पंधरवडाभर तोंडातनं शबुद न्हवता. आणि त्या काउन्सेलर मॅडम काय म्हनत्यात? विचार बदला! अवो, चष्मा बदलला तरी चार दिस डोकं धरून बसतो मी, विचार कसले बदलताय...

बरं, झालं काय ते ऐका की. ही एका मोठ्या सोसायटीत भाकऱ्या करायला जायची. तितल्या एका घरातली वहिनी, काय तिचं कौतुक! 'दगडाबाई, तुमच्या भाकरीशिवाय आमच्या ह्यांना घास उतरत नाही हो!' घरातलं म्हातारं तर भाकरी दुधात कुस्करून डोळं मिटून खायाचं. मग सोसायटीनं काढलं फर्मान. कामवाल्या बायांनी गळ्यात कार्ड घालायचं, फोटो, नाव, आडनाव सगळं! हिनं कार्ड घालून भाकऱ्या थापल्या. वहिनीनं त्या दिशी भाकरी बघितली न्हाय, कार्ड बघितलं. 'दगडाबाई, उद्यापासून नका येऊ हं. आम्ही सगळे डाएट करतोय.' सगळे! म्हातारं बी! दात न्हाईत त्याला, आणि डाएट! आणि दुसऱ्या दिशी तितं दुसरी बाई भाकऱ्या थापायला हजर... डाएटच्या असतील, दुसरं काय!

तवापासनं ही गप. आमची नात उत्कर्षा पुण्याला शिकतीया, तिनं फोनवरनं हुकूम सोडला, 'आप्पा, आजीला काउन्सेलरकडं घेऊन जा. मनातलं बोलली की मोकळी होईल.' गेलो. नव्या पेठेत, साड्यांच्या दुकानाच्या वर. जिना चढून मला लागली धाप, आत एसी, टेबलावर कागदी रुमालांचा डबा. म्हनलं, हितं रडायची सोय अगुदरच करून ठिवलीया की!

मॅडम म्हंजे पोरगीच वो. 'मला नुसतं आरोही म्हणा, काका. इथे कुणी लहान नाही, कुणी मोठं नाही.' दारावरच्या पाटीवर बी नुसतं आरोही. लई आवडली मला! आणि पेन उघडून पयला सवाल काय? 'काकू, तुमचं नाव?... आणि आडनाव?'

दगडाबाईनं तोंड उघडलं वो! पंधरवड्यानं उघडत हुती! आणि माज्या जिभंला सुटली खाज. म्हनलं, बघू तर खरं गंमत. हिच्या अगुदर मीच ठोकून दिलं, 'देशपांडे! मुक्काम टेंभुर्णी!'

हिचं तोंड मिटलं.

पर मॅडमचं तोंड बघायला पायजे हुतं तुमी! 'अय्या, टेंभुर्णीचे देशपांडे? माझी मावशी तिकडेच दिलीय!' लगीच चहा आला. बशीत बिस्कुटं आली. मी आपला नेहमीसारखं हाय-न्हाय बोलतोय, तर म्हनती कशी, 'काका, भाषा किती जपलीय हो तुम्ही! अगदी अस्सल मातीतली!' आता काय म्हनावं? हीच भाषा घिऊन मी बँकेत गेलो की शिपाई वरडतो, 'ए बाबा, लाईनीत हो!' मी पोटातल्या पोटात असा हसतोय, असा हसतोय...

तवर मॅडमनी इचारलं, 'पण काकूंना कामावरून काढलं कशासाठी?'

आता सांगा! काय सांगू? आडनावापायी काढलं म्हनू? देशपांड्याला? दगडाबाई माज्याकडं बघतीया, मी छताकडं बघतोय. शेवटाला म्हनलो, 'डाएट... डाएट करत्यात वो ती मानसं.'

मॅडम हसल्या. 'एवढंच ना? काकू, लोक डाएट करतात हो! तुम्ही उगाच मनाला लावून घेतलंत. घटना वाईट नसते, आपला विचार वाईट असतो. विचार बदला!' ही जेवत न्हाय म्हनलो, तर विचार बदला. झोपत न्हाय, तर विचार बदला. एसी लई गार लागतोय म्हनलो, तवा तेवढा एसी बदलला! मग म्हनती, 'रोज आपल्या खोलीत जायचं, दार लावायचं आणि अर्धा तास एकटीनंच शांत बसायचं.' खोली! अवो, आमच्या घरात खोलीच एक! ही दार लावून बसली तर आमी पाच जणांनी काय भाईर गटारीच्या कडंला बसून विचार बदलायचा व्हय? पर हे बोलतोय कुटं मी? देशपांड्याच्या घरात खोल्या असत्यात की! एकदा का माणूस देशपांडे झाला, की वरचं सगळं घर त्यालाच बांधावं लागतंय...

आणि दगडाबाई? बिस्कुटाला शिवली बी न्हाय.

जिना उतरलो. खाली पेठंत ही गर्दी, रिक्षावाले कोकलत्यात. मी म्हनलो, 'काय गं, हसली न्हाईस ती? फुकटात देशपांडे केलं की तुला!'

भर रस्त्यात थांबली. मागनं रिक्षा हॉर्न मारतीया, हलंना. माज्याकडं बघून सावकाश म्हनली,

'माजं काम गेलं हुतं, अवो. आडनाव हुतं माज्यापाशी. ते बी तुमी वर ठिवून आला व्हय?'