पाण्याखाली ठेवलेला डोंगा

आधी तारखा लिहा गुरुजी, आणि तारखांपुढे माणसं, म्हणजे उद्या कोणी म्हणायला नको की म्हातारा रागाच्या भरात वाटेल ते बोलला. वर्ष राज्यं वाटली गेली ते, छप्पनचं. अक्षय तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी घाटावरचा डोंगा दुरुस्तीला घेतला. जबाबदार मी आणि सुकदेव नावाडी, आम्ही दोघंही ते नाकारत नाही. रोहिणी नक्षत्र सरत आलं असता घाटांची तपासणी करणारे ओव्हरसियर आले आणि पाण्याकडे एकदा पाहून परत गेले, जबाबदार ते. मृग लागला त्या आठवड्यात घाट बंद झाल्याचा हुकूम आला. जबाबदार त्यावर सही करणारे साहेब, ज्यांनी हा घाट आजतागायत पाहिलेला नाही. वटपौर्णिमेच्या दिवशी मी कचेरीत उभा होतो आणि हेडक्लार्क खुर्चीत बसून हसले, जबाबदार हेडक्लार्क. आणि दसरा. दसऱ्यापुढची जागा कोरी ठेवा. तिथे कोणाचं नाव लिहायचं हेच तर मी तीन वर्षं विचारतो आहे.

माझा जन्म सिंदीचा. वडील कापसाच्या बाजारात मापारी होते, त्यांनी काट्यापुढे कधी कोणाचं तोंड पाहिलं नाही, आणि मी शिकलो तो चौथीपर्यंतच, परंतु अक्षर चांगलं म्हणून आर्वीच्या कोर्टाबाहेर अर्जनवीस झालो. वडाखाली चटई, पुढ्यात उतरती पेटी, आणि लोक येऊन सांगत, मी लिहीत असे. बांधाचे अर्ज, वारसाचे अर्ज, नवऱ्याने टाकलेल्या बायकांचे अर्ज. काय सांगू तुम्हाला, दुसऱ्याचं दुःख कायद्याच्या भाषेत बसवता बसवता आयुष्य गेलं, आणि आता स्वतःचं सांगायची वेळ आली तर हाताला कंप सुटला आहे, म्हणून तुम्हाला बोलावलं. तुम्ही शाळा सोडून येता, त्याबद्दल आभारी आहे. चहा निवतो आहे, तो आधी घ्या.

माझी एकुलती नव्हे पण लाडकी म्हणा, मुलगी विमल, तिच्या आईचं माहेर हे, सावळघाट. रोहण्याहून गाडीवाटेने या काठाला आलं की आमचं घर पहिलं. डोळे दुखू लागले तेव्हा आर्वी सोडून आम्ही इथे राहायला आलो, कारण तिला नदी हवी होती, आणि मुलगी समोरच्या काठावर दिलेली होती. जावई जंगलखात्यात नाकेदार. इथून पाहा, त्या चिंचेच्या डावीकडे कौलं दिसतात ती तिच्या सासरची. आपला जिल्हा वर्धा, त्यांचा अमरावती, आणि मध्ये एवढं पाणी. उन्हाळ्यात गाडी पाण्यातून जाते, मूलसुद्धा पायी जातं. पण मृगानंतर पाणी चढलं की फक्त डोंगा. दुसरी वाट पुलगावच्या पुलाची, फिरून फिरून, आणि पावसात आमच्या काळ्या मातीत चाकं आसापर्यंत रुततात.

विमलच्या लग्नापासून तिची आई वाती वळत होती. लाख वाती वळून देवापुढे लावायच्या आणि मुलीचं पहिलं बाळंतपण आपल्या घरी सुखरूप करायचं, असा तिचा नेम. घरचा कापूस, सरकी काढलेला, मांडीवर वळून वळून डब्यात भरायची. बोलता बोलता वळायची, भांडता भांडताही वळायची. मी म्हणायचो, अहो, देवाला एवढा उजेड कशाला हवा, तर म्हणायची, तुमच्यासारखी माणसं अर्ज करतात ते त्याला वाचता यायला नको का. आदल्या वर्षीच्या मार्गशीर्षात ती तापाने गेली. लाख पुरे झाले नव्हते. डबे राहिले.

आणि चैत्रात निरोप आला की विमलला दिवस गेले आहेत. तिच्या सासूने कळवलं, पहिलं बाळंतपण माहेरचं, आई नसली म्हणून रीत मोडत नाही, आषाढात सातव्या महिन्याची ओटी भरू, मग घेऊन जा. मी सुकदेवच्या बायकोला, गुणाबाईला, विचारलं, तू करशील का बाळंतपण. ती म्हणाली, काकाजी, म्या नाई करीन तं कोन करीन, बाईनं माह्ये तीन केले. मी खोली सारवून घेतली, बाजेला नवी दोरी ओढून घेतली, डिंक आणला, हळीव आणले. तोवर घरात एकट्यापुरती भाकरी होत होती. त्या महिन्यांत मी गुणाबाईला दोन भाकऱ्या जास्त टाकायला सांगत असे, सवय असावी म्हणून, आणि त्या गाईला घालत असे.

आता डोंग्याचं. आर्वीच्या कचेरीने तो जुनाच विकत घेतलेला, वरच्या अंगाच्या एका ठेकेदाराचा, कापसाच्या गाठी वाहून वाहून तळ झिजलेला. लाकूड मात्र सागाचं. होळीपासून तो काठावर उन्हात पालथा पडलेला असे, आणि उन्हाने फळ्या आकसून फटी एवढ्या होत की आरपार उजेड दिसे. मी कचेरीला लिहिलं, दुरुस्ती करा. उत्तर नाही. पुन्हा लिहिलं, किमानपक्षी तपासणी तरी करा. उत्तर नाही. तेव्हा सुकदेव म्हणाला, काकाजी, तुमच्या कागदानं फट बुजत असन तं सांगा, नाई तं कापूस काढा घरातून.

काम किरकोळ होतं. जुनं डांबर खरवडायचं, सुटलेल्या दोन लोखंडी पट्ट्या ठोकून घ्यायच्या, आणि फळ्यांच्या फटींत जवसाच्या तेलात आणि राळेत भिजवलेली कापसाची वात बसवून वरून डांबर फिरवायचं. गावात कापूस पुष्कळ; पण वळलेला माझ्याच घरी होता. मी डबे उचलून घाटावर नेले. सुकदेवने झाकण उघडलं, आत पाहिलं आणि मागे सरला. बाईच्या वाती हायेत ह्या, देवाच्या, तो म्हणाला. मी म्हटलं, नेम मुलीच्या बाळंतपणाचा होता, ती याच डोंग्यातून येणार आहे, तेव्हा या वाती ज्या कामासाठी वळल्या त्याच कामाला लागत आहेत, यात मला नियमभंग दिसत नाही. तो म्हणाला, तुमी देवासंगही कोर्टासारखे बोलता. पण मग त्याने हात धुतले आणि पहिली वात स्वतः बसवली.

मी सुरीच्या पाठीने वाती ठासत असे. तो ओरडत असे, लय ठासू नोका काकाजी, लाकूड पानी पेल्यावर फुगते, जागा ठेवा त्याले. म्हणजे पाहा, कोरड्या लाकडाची फट खरी नव्हे. वात सैल बसवायची, डांबर लावायचं, आणि मग डोंग्यात दगड भरून त्याला घाटाखालच्या डोहात पाण्याखाली ठेवून द्यायचं. फळ्या पाणी पितात, फुगतात, वात दोन्हीकडून आवळली जाते, आणि मग दगड काढून वर घेतलं की थेंब आत येत नाही. या नदीवर नावाडी हे दर उन्हाळ्यात करतात. त्यात लपवण्यासारखं काहीही नाही.

डोंगा डोहात ठेवला आणि मी आर्वीला गेलो, तपासणीच्या मागणीचं स्मरणपत्र स्वतः द्यायला. पत्र टपालात टाकण्यापेक्षा हातात द्यावं, असा माझा नियम. आणि माझं पहिलं पत्र कोणाच्या तरी टेबलावरून हललं असावं, कारण त्याच दिवशी, मी तिकडे, सुकदेव जाळं घेऊन वरच्या अंगाला, आणि ओव्हरसियर सायकलवरून घाटावर. गुणाबाई कपडे धूत होती. नाव कुठे आहे, त्यांनी विचारलं. ती म्हणाली, खाली हाये साहेब, पान्यात, फुगून राह्यली. ते पुढे झाले, डोहात पाण्याखाली डोंग्याची कड दिसली, आत दगड दिसले. ते म्हणाले, केव्हापासून. ती म्हणाली, झाला आठोडा. काढणार केव्हा. फुगल्यावर. ते हसले, पाणी प्यायले आणि सायकलवर बसले. गुणाबाई मला म्हणाली, मानूस चांगला होता काकाजी, लोटा इसळून देल्ला त्यानं.

मृगाचा पहिला पाऊस झाला, आम्ही दगड काढले, डोंगा वर घेतला. सुकदेवने मला आत बसवून मधल्या धारेपर्यंत नेलं आणि परत आणलं. माझं धोतर कोरडं. मी तळाच्या फटींवरून बोट फिरवलं, तेही कोरडं. त्या वेळी मला काय वाटलं ते या निवेदनात बसत नाही, सोडून द्या.

चार दिवसांनी हुकूम आला. घाटावरील नाव बुडाली असल्याचे तपासणीत आढळल्याने ती नोंदीतून कमी करण्यात आली आहे, नवी नाव मंजूर होईपर्यंत घाट बंद, कोणी विनापरवाना नाव चालवल्यास खटला. तो कागद मी वाचला तेव्हा डोंगा माझ्यासमोर खुंटीला बांधलेला होता आणि पाण्यावर हलत होता.

मी कचेरीत गेलो. हेडक्लार्कला सगळी हकीकत सांगितली, दगडांसकट. तो म्हणाला, काकाजी, नाव बुडाली. मी म्हटलं, नाव घाटावर आहे, येऊन पाहा. तो म्हणाला, मंग ते दुसरी नाव असन, आणि दुसऱ्या नावेले परवाना नाई. मी म्हटलं, तीच आहे. तो म्हणाला, तीच असन तं बुडाली. बाजूचे कारकून लेखण्या थांबवून ऐकत होते. मग तो खुर्ची मागे करून म्हणाला, अर्जनवीस, वडाखाली बसून तुमीच तं जगाले सांगत होते, जे कागदावर नाई ते नाई, आमी तुमच्यापासूनच शिकलो. आणि हेडक्लार्क हसले. मी ते वाक्य हजार पक्षकारांना सांगितलेलं आहे आणि कायद्याने ते आजही बरोबर आहे. पण जे कागदावर आहे ते प्रत्यक्षात जाऊन पाहू नये, असं मी कोणालाही सांगितलं नव्हतं.

आषाढात ओटी भरल्याचा निरोप आला. पाणी दुथडी. सुकदेव अंगणात येऊन उभा राहिला. चाला काकाजी, तो म्हणाला, विमलबाईले घेऊन येऊ, कोन पाह्यते. मी म्हटलं, हा घाट तुझ्या आजापासून तुझ्याकडे आहे, परवाना तुझ्या नावाचा आहे, कोणी पाहिलं तर खटला तुझ्यावर होईल आणि घाट कायमचा जाईल. जाऊ द्या, तो म्हणाला. मी म्हटलं, माझ्या मुलीसाठी तुझी भाकरी जावी असा अर्ज मी कोणाकडे करू. तो म्हणाला, तुमच्या कायद्याले पोहता येत नाई का काकाजी. मी दार लावून घेतलं. मी गाडीही जुंपून पाहिली, पुलाच्या वाटेने जायला, पण पहिल्या नाल्यावरूनच बैल फिरवावे लागले, आणि गाडी पोचती तरी सातव्या महिन्याच्या बाईला त्या धक्क्यांतून कोण आणणार.

भाद्रपदात मुलगा झाला. समोरच्या काठावरून कोणी हाळी दिली, सुकदेवने ऐकली आणि मला सांगितली. मी बाज उभी करून ठेवली. हळिवाचे लाडू गुणाबाईच्या पोरांनी खाल्ले.

मग राज्यं वाटली जायची ठरली आणि जावयांचं नाव तिकडच्या यादीत आलं, छिंदवाड्याच्या जंगलात. दसरा झाला की निघणार. त्या दसऱ्याला आमच्या गावची कितीतरी माणसं पांढरे कपडे घालून नागपूरला गेली होती, घाटावर शुकशुकाट होता. विमल समोरच्या काठावर आली. सव्वा महिना झालेला. तिने मुलाला दोन्ही हातांनी वर धरलं. लाल कुंची दिसली, तोंड दिसलं नाही. मी चष्मा पुसला, तरी दिसलं नाही. ती काही म्हणाली, ते वाऱ्याने खाली नेलं. सुकदेव माझ्या बाजूला उभा राहून ओरडला, नाव काय ठेवलं वो बाई, आणि उत्तर आलं तेही पाण्यातच पडलं. तिचे हात भरून आले असतील, तिने मूल खाली घेतलं, आणि पुन्हा वर धरलं. डोंगा आमच्या दोघांच्या पायांशी बांधलेला होता. माझ्या हातात आपट्याची पानं होती, ती मी घरी परत आणली.

नाव पोस्टकार्डाने कळलं. पुढे मी एकदा तिकडे जाऊन आलो. मुलाने मला पाहून आईचा पदर धरला, ते योग्यच होतं, आमची ओळख कोणी करून दिली नव्हती. दुसरं बाळंतपण तिकडेच झालं. पहिलं माहेरी होतं ते एकदाच, त्याची भरपाई कोणत्याही कायद्यात लिहिलेली नाही, आणि मी ती मागतही नाही.

नवी नाव अद्याप मंजूर नाही. सुकदेव आता रोहण्याला मजुरीला जातो, परवाना त्याने पेटीत जपून ठेवला आहे. बुडालेली नाव म्हणून तिचा लिलावही होत नाही, म्हणून ती आहे. दर वैशाखात मी एकटा खाली जातो, डांबर खरवडतो, ज्या वाती कुजल्या तेवढ्याच काढतो आणि नव्या बसवतो. विमलच्या आईच्या वाती गेल्या वर्षी संपल्या. आता मी वळतो, हात कापतो म्हणून जाड होतात. रविवारी सुकदेव येऊन दगड भरायला हात लावतो, आणि आम्ही डोंगा डोहात ठेवतो, मृगाला वर काढतो, खुंटीला बांधतो. गेल्या मृगालाही तळ कोरडा होता.

तेव्हा शेवटी असं लिहा. मला नुकसानभरपाई नको, माफी नको, बंद पाकिटातलं उत्तर तर मुळीच नको. ज्या साहेबांनी सही केली त्यांनी रोहण्याच्या बाजाराच्या दिवशी सावळघाटावर यावं, लोकांदेखत या डोंग्यात बसावं, सुकदेव त्यांना मधल्या धारेपर्यंत नेईल, आणि तिथून, दोन्ही काठांना ऐकू जाईल अशा आवाजात, त्यांनी सांगावं की ते कशात बसले आहेत.