लग्न कुठे, याची शर्यत

— नाही, बोलू नका, टाते नेहेमिया, वडीलधारे तुम्ही, नुसतं बोट दाखवलंत तरी कळतं मला. तो भिंतीवरचा फोटो ना? मीच आहे ती. काळ्या रबरात कोंबलेली, डोळ्यांवर चष्मा — तुम्हाला वाटलं सील आहे. सगळ्यांना वाटतं. तोंड उघडा. अजून. जीभ जरा पलीकडे. हं, टोचेल थोडं — झालं. आता भूल चढेस्तोवर सांगते, नाहीतरी तुम्ही कुठे जाताय, कस्टमची कचेरी तुमच्यावाचून एक सकाळ चालेल, ही दाढ मात्र थांबणार नाही.

ट्रायथलॉन म्हणतात त्याला. आधी खाडीत पोहायचं, मग अंग धड वाळायच्या आत सायकलवर बसायचं, मग सायकल ठेवून पळायचं — सगळं एका दमात. का करायचं? हा प्रश्न मला माझी आई अजून विचारते. लोकांना मी सांगते, गुडघ्यांसाठी. पन्नाशी उलटली की गुडघ्यांवर काहीही ढकलता येतं, कुणी उलट विचारत नाही. पण खरं कारण लग्न. माझं नाही हो — माझं एकदा झालं, फेस्तुस भला माणूस होता, त्याला जाऊनही आता वर्षं झाली. माझ्या मागानोचं. माझ्या लेकीचं. मुलगा आब्नेर, बंदरात क्रेन चालवतो, गुणी आहे, दातही चांगले आहेत. त्याचे वडील म्हणजे इसाक, सगळा धक्का ज्यांना ऊम, म्हणजे काका, म्हणतो ते. ओळखता की — टगबोटीवरचे, मोठमोठी जहाजं ओढून धक्क्याला लावतात ते. इथले जुने, वाळूतले, आजा-पणजाही याच किनाऱ्यावर गेला. आणि आम्ही उत्तरेकडचे, गाईगुरांचे, बाजरीचे. तर बोलणी करायला माझा भाऊ सिमेओन इतक्या लांबून आला, सोबत दोन मावश्या, आणि माझ्या बैठकीत सगळं ठरलं — कपडे ठरले, गाई ठरल्या, पाद्री ठरला — आणि अडलं कुठे, तर लग्न कुठे लावायचं. मी म्हणाले, आमच्या गावी, मारुलाच्या झाडाखाली. इसाक म्हणाले, इथे, समुद्रावर. मी म्हणाले, मुलीकडचे आम्ही आहोत. ते म्हणाले, दिवसभर गाडीतून हाडं खिळखिळी करून धूळ खायला कोण येईल. सिमेओन म्हणाला, इथे तरी दुसरं काय आहे खायला, वाळू? आणि मग इसाक काय म्हणाले माहितीये? म्हणाले, "तुम्हा उत्तरेकडच्यांचं बरं असतं, मेमे दोक्तर. पावसात गुडघाभर पाणी साचलं की त्यालाच समुद्र म्हणायचं. खऱ्या समुद्रात एकदा उतरून दाखवा, मग मी तुमच्या झाडाखाली येईन."

आता तुम्हीच सांगा — नको, सांगू नका, तोंड बंद होतंय. माझ्याच घरात, माझ्याच खुर्चीत बसून. मी म्हणाले, उतरते. खाडीवर ती शर्यत असते ना, तिच्यात उतरते, पण तुम्हीही उतरा. सिमेओनने मांडीवर हात मारला, म्हणाला, ठरलं, जो पुढे येईल त्याच्या गावी लग्न. मावश्यांनी टाळ्या वाजवल्या. आमच्यात बोलण्यांच्या वेळी मुलगा-मुलगी समोर बसत नाहीत, ती दोघं आत चहा करत होती. त्यांना कुणी काही विचारलं नाही. नाही, म्हणजे — विचारायला हवं होतं का? ते पुढे येतं. जरा डावीकडे वळा.

गोष्ट अशी, टाते, की मला पोहता येत नव्हतं. अजिबात. आमच्या गावी पाण्यात गाई उतरतात, माणसं काठावर थांबतात. म्हणून मी गुपचूप त्या मिस रेनाटेकडे गेले, शाळेच्या तलावात शिकवते ती म्हातारी जर्मन बाई, आवाज असा की पाण्याखालीही ऐकू येतो. म्हटलं, मला सगळ्यात सुरुवातीच्या वर्गात घाला. गेले, तर पाण्यात सहा-सात वर्षांची चिल्लीपिल्ली, हातात फोमच्या पाट्या, आणि त्यांच्यामध्ये, कठड्याचा गज दोन्ही हातांनी धरून, कंबरभर पाण्यात, डोक्याला गुलाबी टोपी — ऊम इसाक. जन्म समुद्रावर गेलेला माणूस. मी त्यांच्याकडे बघतेय, ते माझ्याकडे. म्हटलं, हे काय? तर म्हणाले, "बोटीवर राहायचं असतं, दोक्तर. बोटीखाली नाही." आणि मग हळूच, "टोपी नातीची आहे." मला इतकं हसू आलं की पायरी चुकली आणि मी धपकन पाण्यात, आणि मला बाहेर कुणी काढलं, तर एका फ्रॉकवाल्या — नाही, पोहायच्या कपड्यातल्या — चिमुरडीने, कारण त्याने गज सोडला नाही. एक हात सुद्धा नाही.

"त्याने" म्हटलं का मी? त्यांनी.

हे मी कुणाला सांगत नाही हं. ठरलंय आमचं. तिथेच, पायरीवर बसून ठरवलं — कुणी कुणाचं बाहेर बोलायचं नाही, मागानोला नाही, आब्नेरला नाही, सिमेओनला तर नाहीच. वैरी असलो तरी लाज दोघांची सारखी. तुम्हाला सांगितलं कारण तुम्ही बोलू शकत नाही. नळी धरा जरा. अशी.

मग काय, आठवड्यातून दोनदा ते फोमच्या पाट्या धरून पाय मारणं. रेनाटे ओरडायची, "दोक्तर, गाय नाही तुम्ही, मान खाली." आणि इसाकला, "कॅप्टन, पाण्याशी भांडू नका." सायकलचं मात्र मला जमलं. पहाटे धुकं असतं तेव्हा निघायचं, स्वाकोप गावाच्या रस्त्याने, एका बाजूला वाळूचे डोंगर, दुसऱ्या बाजूला नुसता समुद्राचा आवाज, दिसत काही नाही. जाताना वारा पाठीशी, वाटतं आपण विशीत आहोत. परत फिरलं की तोच वारा तोंडावर, वाळूसकट, मग आपलं खरं वय कळतं. सुरुवातीला मी एकटी जायची. मग एकदा चाक पंक्चर झालं, तर धुक्यातून हा आला मागून, म्हणजे हे आले, उतरले, काही न बोलता ट्यूब बदलली, म्हणाले, "पंक्चरवर जिंकलो तर तुमचा भाऊ मान्य करणार नाही," आणि निघून गेले. मग एकत्र जायला लागलो. सोयीचं पडतं. धुक्यात दोन दिवे असले की ट्रकवाल्यांना नीट दिसतं. भुवया कशाला उडवताय? सुरक्षिततेचा प्रश्न आहे.

शर्यतीच्या दिवशी ऊन होतं, पण पाणी असं गार की दातांत कळ जावी — आणि दातांतली कळ मला कळते. तो रबरी पोशाख चढवताना मागानो एका बाजूने ओढतेय, मी दुसऱ्या बाजूने, वाटेत माझं पोट. मागानो म्हणाली, "मेमे, अजून वेळ गेली नाही, नको करूस." मी म्हटलं, तुझ्याचसाठी करतेय. ती काहीतरी बोलणार होती, पण भोंगा वाजला. आणि सगळे धावले पाण्यात, आणि मीही. पहिल्यांदा श्वासच गेला. छातीवर कुणीतरी गार शिळा ठेवल्यासारखं. मग आठवलं, मान खाली, गाय नाही. जमलं. खरंच जमलं, टाते — पाण्यात तरंगतं ते वळणाचं पिवळं पिंप, त्याला वळसा घातला तेव्हा मला आईला ओरडून सांगावंसं वाटलं. तर तिथे समोर इसाक, पाठीवर नाही, पोटावर नाही, उभा, पाण्यात उभा, डोळे विस्फारलेले. आणि त्याच्यापासून हातभर अंतरावर सील. लहानसाच, मिशा असलेला, कुतूहलाने बघत होता त्याच्याकडे. जन्मभर बोटीवरून सीलना मासे फेकलेत त्याने. पण आता बोट नव्हती ना मध्ये. तोंड उघडं, त्यात पाणी जातंय, आणि वल्ह्याच्या होडीवरचा मदतनीस अजून लांब.

मी पुढे जाऊ शकले असते. जायचं मनातही आलं, खोटं कशाला बोलू. लग्न माझ्या गावी लावायचं होतं मला — आई नव्वदीला टेकलीय, तिला इतका प्रवास होत नाही, ती नातीचं लग्न बघणार कशी? हे मी बैठकीत बोललेच नव्हते. तिथे नुसती झाडं आणि गाई सांगत बसले. असो. मी थांबले. म्हटलं, इसाक, तोंड मिट. आयुष्यभर लोकांना तोंड उघडा, तोंड उघडा म्हणत आले, पहिल्यांदाच उलटं म्हटलं. तोंड मिट आणि पाठीवर हो, वर बघ, ते आभाळ आहे, ते काही करत नाही. तो पाठीवर झाला. सील कंटाळला नि गेला. होडी आली, तर त्याने हातानेच तिला परत जा म्हणून खुणावलं. मग तो तसाच, पाठीवर, पाय मारत मारत किनाऱ्याला आला, आणि मी बाजूने. बाहेर पडणाऱ्यांत आम्ही दोघंच शेवटी. आमच्या मागे फक्त फ्लेमिंगो.

सायकलवर त्याने मला गाठलं नि टाकलंही. उपकार वगैरे काही नाही, मानही वळवली नाही, आणि मला ते आवडलं. मग पळताना त्याचा गुडघा बोलायला लागला आणि खाडीकाठच्या रस्त्यावर मी पुढे गेले. चांगली पुढे. मारुलाचं झाड दिसायला लागलं मला, त्याखालची आईची खुर्ची. पाण्याच्या टेबलाशी मागानो उभी होती, स्वयंसेवक म्हणून. तिने मला कोलाचा पेला दिला, माझं मनगट धरलं आणि म्हणाली, "मेमे, एक सांगायचंय, रागावू नकोस. आम्ही शुक्रवारीच सह्या केल्या. मॅजिस्ट्रेटकडे. तुमचं भांडण मिटेस्तोवर आम्ही म्हातारे झालो असतो."

शुक्रवारी. आणि शर्यत शनिवारी. पेला हातात तसाच. मी विचारलं, शुक्रवारी मी दिवसभर दवाखान्यात होते, तेव्हा? ती म्हणाली, तेव्हाच. साक्षीदार कोण? तर म्हणे सिमेओनमामा. बघा — माझा सख्खा भाऊ, पैज लावणारा. त्याच रात्री येऊन माझ्या घरी मासळी-भाकर जेवला, एक शब्द नाही. जबडा दुखत नाही ना? थोडंच राहिलं.

मी तिला काय बोलले ते आठवत नाही. रस्त्याच्या कडेला जाऊन बसले, फरशीवर, पाण्याकडे तोंड करून. शर्यतीतले बाकीचे लोक तर कधीच पोचून आंघोळ करून पाव खात होते. लंगडत लंगडत इसाक आला. थांबला. म्हणाला, पाय गेला का? मी म्हटलं, लग्न गेलं. झालंसुद्धा. सांगितलं सगळं. तो शेजारी बसला. मग खिशातून ते काढलं — ते वाळूत उगवणाऱ्या नाराच्या फळाचं वाळवलेलं, काळं, चिवट, दातांना इतकं वाईट की मी पेशंटना शपथ घालते — त्यातलं अर्धं मला दिलं. मी खाल्लं. म्हणाला, "मला इथेच हवं होतं लग्न, कारण आब्नेरची आई इथे आहे, त्या गावाबाहेरच्या वाळूतल्या दफनभूमीत. म्हटलं, तिथून तिला गाणी तरी ऐकू जातील." मी म्हटलं, हे बैठकीत का नाही बोललात? तो म्हणाला, "तुम्ही विचारलंत?" मग मीही माझ्या आईचं सांगितलं. त्याने विचारलं नव्हतं तरी.

मग शर्यतीचा माणूस मोटरसायकलवरून आला, म्हणाला, काका, मावशी, शेवटाची कमान उतरवायची आहे, येताय का? इसाक म्हणाला, आता पळायचं कशाला, लग्न तर लागलं. मी म्हटलं, तुम्ही बसा, मी चालले. आणि उठले. तर हा मागून पळत — गुडघा बिडघा काही नाही. कमानीखाली मी आधी पोचले. तो म्हणतो मी कोपर मारलं. नाही मारलं. त्या शेजारच्या, कमानीखालच्या फोटोत दिसतंय का कोपर? नीट बघा. बरं, थोडं दिसतंय.

पुढे दोन्हीकडे झालं सगळं — झाडाखाली बैल कापला, आई खुर्चीतून उठून नाचली, आणि इथे समुद्रावर इतकी गाणी म्हटली की कुणालाही, कुठेही ऐकू गेली असतील. म्हणजे भांडलो ते फुकट. दात घट्ट मिटा. कर्र करा. उंच लागतंय का? नाही? छान बसलंय.

आता? आता काय, व्याही-विहीण आम्ही. पुढच्या शर्यतीचं नाव घातलंय दोघांनी. रोज पहाटे जावंच लागतं, त्याशिवाय दम राहत नाही. संध्याकाळी कधीतरी तो मासे आणून देतो, कारण मासे जास्त होतात त्याला, एकट्याला. मागानो विचारते, मेमे, ऊम इसाक रोज कसे येतात? मी म्हणते, सराव. तुम्ही असं बघू नका माझ्याकडे. काही नाहीये. दुसऱ्यांच्या तोंडात बोटं घालण्यात माझं आयुष्य गेलं, टाते, मला हातांचं काही वाटत नाही. पण त्या दिवशी, तिथे फरशीवर, तो बोलायचा थांबला आणि त्याने माझा हात धरला, नाराने चिकट झालेला, आणि मला कळेना की आता या हाताचं काय करायचं, ओढून घ्यायचा की —

उठा. झालं तुमचं. भूल उतरेस्तोवर गरम काही पिऊ नका, ओठ चावाल नि कळणारही नाही. आणि टाते नेहेमिया, तोंड बधिर आहे तोवर बंदच ठेवायचं. उतरल्यावरही. दार ओढून घ्या जाताना.