राखेतली सरकी

माह्यं माहेर लोणारचं, सासर बीबीकडचं, आन् वावर माह्यं सोताचं हाय ताई, हे पह्यले लिहा. मालक गेले तवा पोरगी मांडीवर होती, दीर म्हणे वावर मी पाह्यतो, मी म्हटलं काऊन, माहे हात झडले का? तवापासून पेरणी, निंदणी, येचणी समदं मीच केल्लं. शाळेत गेली नाही, पण बियाण्याची मले लय काळजी. माह्या सासूचा नेम होता, पेराले जे बी घरात येईन त्यातलं मूठभर राखेत घोळून गाडग्यात ठेवाचं, आन् पीक घरात येईस्तवर त्याले हात नाही लावाचा. सासू गेली, नेम मी चालवला.

मंग थे कपाशीचं बीटीचं बी आलं, म्हणे याच्यानं बोंडातली अळी मरते. काय सांगू तुमाले, एवढं महाग की सरकी लावताना बोटं भेत. त्याच्यातून मूठभर कशी काढाव? पण डब्ब्यात मोठ्या पाकिटासंग एक लहान पाकीट ये. दुकानदार काही सांगे नाही, लोक थे उकिरड्यावर फेकून देत. मी म्हटलं एकाच डब्ब्यातलं हाय, बी तेच असंन. फोडलं, राखेत घोळलं, गाडग्यात टाकलं. मनाले लय बरं वाटलं, नेम मोडला नाही.

त्या साली पऱ्हाटी डोक्याइतकी वाढली, आन् बोंड फोडाव तं आत अळी. ज्या अळीसाठी थे महाग बी घेतलं, तेच अळी. साऱ्या गावाची तेच गत. माह्या धुऱ्याले लागून शब्बीरभाईचं वावर, मले मावशी म्हणे, माह्या पोरीच्या लग्नात पंगती त्यानंच वाढल्या. थो पुढं झाला, साऱ्या गावाचा एकच अर्ज केला, बुलडाण्याले ग्राहक कोर्टात टाकला. शेतीखात्याच्या साहेबायनं वावरं पाहून पंचनामा केला, बी खराब असं लिहून देल्लं. आमचा वकील म्हणे याच्यावर काम होईन, पण त्या बियाचे चार दाणे असते तं मंग इचारूच नोका. शब्बीरभाई म्हणे दाणे कुठून आणाव, समदे तं जमिनीत गेले. मी पदर खोचून पुढं झाली, म्हटलं माह्यापाशी हाय! शब्बीरभाईचे डोळे भरले, म्हणे मावशी, अल्ला तुले सुखी ठेवो, तुनं गाव वाचवला.

जजापुढं मी शपथेवर सांगतलं, हेच थे बी. तपासाले गेलं, आन् कागद आला की या सरकीत अळी माराचा गुणच नाही. आमी जितलो म्हणून नाचलो ताई, कोर्टाबाहेर भजे खाल्ले, शब्बीरभाईनं पह्यला घास मले देल्ला.

पुढच्या तारखेले कंपनीचा वकील उठला. जजापुढं नवाकोरा डब्बा फोडला आन् थे लहान पाकीट वर धरलं. म्हणे साहेब, हे साधं बी असते, वावराच्या कडेनं लावाले सोबत देतो, याच्यात गुण नसतेच, नियमच तसा हाय, आन् या बाईनं हेच आणलं, ओळखू येऊ नये म्हणून राख फासून. मी वरडली, साहेब, राख आमची रीत हाय! वकील हसला. जज म्हणे बाई, खाली बसा. आमचा वकील आपले कागद चाळत राह्यला.

निकाल काय, तं बाईनं शपथेवर खोटा पुरावा देल्ला, मंग यायच्या बाकी कागदायवर भरोसा कसा ठेवाव. साऱ्या गावाचा अर्ज फेटाळला. पंचनामा तिथंच टेबलावर पडेल होता. मी जाता जाता जजाले इचारलं, साहेब, अळी तं खरी होती ना? म्हणे अळी खरी असंन बाई, तुमचं बी खोटं हाय.

येष्टीत शब्बीरभाई माह्या बाजूले बसला नाही. फाट्यावर उतरलो तवा जवळ आला, हळूच म्हणे, मावशी, खरं सांग, कंपनीवाल्यायनं तुले काय देल्लं? समदे आयकत होते ताई, कोणी त्याले चूप बे म्हटलं नाही. मी तिथंच रस्त्यावर बसली.

आन् पुढं आयका. पल्याडच्या गावानं बी अर्ज केल्ला होता, तेच बी, तेच कोर्ट, तोच जज. त्यायच्यापाशी दाखवाले एक दाणा नव्हता. निसत्या पंचनाम्यावर जितले.

आता तुमी मले इचारता न्याय म्हंजे काय. मले काय माहीत? जजानं मले खोटी म्हटलं, थो परका माणूस, त्याचं मले काही नाही. पण निंदाले आज गावातली एक बाई माह्या वावरात येत नाही, मजूर लोणारहून आणा लागते. शब्बीरभाई धुऱ्यावर दिसला तं पाठ फिरवते. पह्यले लय शिव्या देल्ल्या मी त्याले, आता नाही देत, त्याचं बी घर बसलंच. चहा घ्या ताई, थंडा झाला. तुमच्या लेकराबाळायचं भलं होवो. कोर्टाची पायरी कोणावर येऊ नये, आन् आलीच तं बाप्पा, रिकाम्या हातानं जा.