चांद्याची माळ

हॅलो?… हाव, रत्नाअक्का, मीच, हेमांगी… नाही, नाही, आबा बरे आहेत. अंगणात खाटेवर बसलेत. अहो, मिस कॉल दिला तो दुसऱ्याच कामासाठी. लोकरीची माळ कशी करतात?… बैलाच्या गळ्यातली. गोंड्यांची.

हो, उद्याच्या पोळ्यासाठी… आणली होती ना ह्यांनी बाजारातून, प्लास्टिकच्या फुलांची. आबांनी हातात घेतली अन् खाली टाकून दिली. सकाळपासून चहाला पण तोंड लावलं नाही. नुसतं डाव्या हाताने खुंटीवरच्या लोकरीच्या पिशवीकडे दाखवून राहिले… उजवा तसाच. बोटसुद्धा हलत नाही. शब्द तर एक धड निघत नाही. दरवर्षी माळा त्यांनीच केल्या, मला कुठे येताय? माझ्या माहेरी मेहरूणमध्ये बैल कुठला, बाबांची स्कूटर होती. दसऱ्याला तिलाच हार.

सांगा ना… मी आत घरात आहे, हळूच बोलते. पण स्पीकरवर नाही टाकत, आबा ऐकतील. खांद्यात धरते फोन. हं… चार बोटांवर लोकर गुंडाळायची… चांगली जाड होईपर्यंत. बरं… झाली. आता कापते…

अरे देवा. सगळी सुटली, अक्का. मांडीवर नुसता चुरा… आधी मध्ये बांधायची होती? मग तसं सांगायचं ना… हो, तुम्ही सांगतच होत्या. मीच घाई केली.

पुन्हा. गुंडाळली… बोटांतून काढली… कमरेत करकचून बांधली… आता दोन्हीकडून कापू?… हं. झाला. थोडा वाकडा आहे, पण गोंडा आहे. आता दाभणाने सुतळीत ओवायचा, एवढंच ना?

अक्का, रंग कोणता कोणाचा?… लाल-पिवळी गुलब्याची. अन् हिरवी…

हो. हिरवी चांद्याची.

रडू नका ना, अक्का… अहो ऐका ना, मला माहितीये. मीच होते इथे. तिकडे आबा दवाखान्यात, अन् इकडे लम्पीने चांद्या गेला. ह्यांनीच नेऊन पुरला मळ्यात, लिंबाखाली. आबा असते तर स्वतःच्या हाताने माती दिली असती त्याला. वासरू होता तेव्हापासून सांभाळलेला… पण डॉक्टर म्हणाले ना, धक्का बसता कामा नये. अन् आबांना सांगू नका, असं तुम्हीच म्हणाल्या. आता मला बोलून काय फायदा?

गोठा मागे आहे म्हणून निभलं एवढे दिवस. गुलब्याच्याच गळ्यात दोन्ही घंट्या बांधल्यात, आबांना दोघांचा आवाज यावा म्हणून… हो, माळा पण दोन करणार. एकच केली तर विचारतील ना. तोंडाने नाही, डोळ्यांनी. ते डोळे सहन नाही होत मला.

उद्या? उद्या पूजेला दारात जोडी लागेल. म्हणून तर हे यावलला गेलेत, प्रकाशभाऊंचा बैल टेम्पोत घालून आणायला. तसाच तांबडा आहे, शिंगंही तशीच. फक्त कपाळावर पांढरा चांद नाही. तो चुन्याने काढू म्हणताय हे… मग काय करू, तुम्हीच सांगा… हसता का रडता, तेच कळत नाही मला.

तुम्ही येताय ना?… का नाही? धुळ्याहून असोदा काय लांब आहे, अक्का?… आबांसमोर तोंड लपवता येणार नाही म्हणून? अन् मी रोज कसं लपवते? लेकीला होतं, सुनेला काही होत नाही का?… बरं, चुकलं. चुकलं म्हटलं ना.

बोलता बोलता लाल माळ पुरी झाली बघा, हिरवी अर्धी… थांबा, आबा बोलावताय. फोन ठेवू नका…

हं, आहे मी. लाल माळ दाखवली त्यांना. वाकडा गोंडा बोटाने सरळ केला… हो, हसल्यासारखे झाले. मला बरं वाटलं, म्हणून अर्धी झालेली हिरवी पण मांडीवर ठेवली. ती घेऊन बसलेत.

आबा, काय पाहिजे?… अक्का, खाली वाकताय ते, पडतील… धरलं. धरलं मी. उतरायचं नव्हतं त्यांना. अंगणातली माती घेतली मुठीत.

अक्का… हिरव्या माळेवर टाकली. माती. चिमूट चिमूट करून टाकून राहिले.

नाही हो, शपथ घेते, मी काही बोलले नाही. कोणीच नाही… त्यांना माहीत होतं. अहो, दोन घंट्या एकदमच वाजायच्या, अन् एकदमच थांबायच्या. जोडी उभी असली तर कधी तसं होतं का? जन्मभर बैलांत राहिलेला माणूस, त्यांना काय पहिल्याच दिवशी कळलं असेल. अन् आपल्याला वाईट वाटू नये म्हणून गोठ्याकडे बघत पण नव्हते. शहाणे आपणच.

रडताय, अक्का. दवाखान्यातून आल्यापासून पहिल्यांदा… नको, डॉक्टरला नको. रडू द्या. मी आहे जवळ, पाठीवर हात ठेवलाय.

ह्यांना आता फोन करते, तो बैल आणू नका म्हणून. अन् तुम्ही सकाळची गाडी धरा. आता लपवायचं काही राहिलं नाही… या. खरंच या.

हं?… काही नाही, हिरवी लोकर माझ्याकडे सरकवताय आबा. माळ पुरी कर म्हणताय. लिंबाखाली न्यायची असेल… हो आबा, करते. आधी बांधायचं, मग कापायचं. येतं आता मला.

अक्का, डावा हात पुढे केला त्यांनी. चार बोटं ताठ धरून… नाही, मला नाही बोलावत. त्यांच्या बोटांवर गुंडाळ म्हणताय.

ठेवते, अक्का. ह्याला माझे दोन्ही हात लागतील.