एका कार्डाचे दोन कारभारी

— नाही हो, चहा घ्याच, न्यायचं ते जुनं मशीन कुठं पळून जातंय? नीरजानं पाठवलंय म्हटल्यावर तुम्ही घरचेच. हे आत झोपलेत, जरा हळू बोलू. उस्मानपुऱ्यात घरोघरी इंटरनेट नेलं ते आमच्या ह्यांनी — श्रीरंगकाका म्हणा, आख्खी गल्ली सांगेल. गिऱ्हाइकांचे फोन मी घ्यायचे, म्हणून मला यातलं थोडं कळतं. सगळ्यांचं नेट ह्याच मशीनमधनं जायचं; बंद पडलं की हे त्याच्यासमोर बसणार, 'आयएफकॉन्फिग' म्हणून कमांड मारणार, आतल्या नेटवर्क कार्डाला त्याचा आकडी पत्ता देणार — झालं, चालू! वर्षानुवर्षं तीच कमांड. बोटांनाच पाठ.

मग तो सोळा सालचा दुष्काळ. खेड्यांतनं माणसं शहरात आली, हर्सूलकडं बिल्डिंगांवर बिल्डिंगा — नळाला पाणी नाही, पण नेट पाहिजे! कनेक्शनं वाढली, ह्यांना झेपेना. लेक नीरजा पुण्याची नोकरी सोडून आली. इंजिनियर ती. तिनं नवी पद्धत बसवली — कार्डाला पत्ता देणारा प्रोग्रॅमच वेगळा. आणि ह्यांनी? गुपचूप जुन्या फाइलीत जुना पत्ता लिहून ठेवला! लाईट जाऊन आली, की दोन्ही प्रोग्रॅम त्या एकाच कार्डाला धरायचे — ह्यानं पत्ता दिला की त्यानं पुसायचा. नेट येतंय, जातंय. नेटवरनं टँकरचा नंबर लावायला बसलेली माणसं मला फोनवर शिव्या देतायत, अन् इथं बापलेक भांडतायत. "बाबा, सोडा ना आता ते जुनं!" "तुझं नवं घाल चुलीत!" हट्टी आहेत बाबा, म्हणायची ती. मीही मान डोलवायचे...

हट्ट नव्हता हो तो. ह्यांच्या डोक्यात नवीन काही राहतच नव्हतं. सकाळी तिनं शिकवावं, दुपारी पाटी कोरी. डॉक्टरांनी सांगितलं होतं आम्हाला. हे म्हणाले, नीरजाला कळू द्यायचं नाही, पोरगी अडकून पडेल इथं. म्हणून भांडायचे. विसरतो म्हणण्यापेक्षा ऐकत नाही म्हटलेलं बरं — नाही का?

एक दिवस वैतागून तिनं जुन्या कमांडा मशीनवरनं काढूनच टाकल्या. तिचं तरी काय चुकलं? दुपारी नेट गेलं, ती हर्सूलला, म्हणून हे बसले. कमांड मारली. मशीन म्हणालं, 'कमांड नॉट फाउंड' — अशी कमांडच नाही. पुन्हा मारली — एकेक अक्षर बघून, मोठ्यानं म्हणून. तेच. माझ्याकडं वळले नि म्हणाले, "भानू, हेपण गेलं गं." मला तेव्हा कुठं ठाऊक, की मशीनमधनंच काढलंय? मागनं कळलं तेव्हा सांगितलं — अहो, तुम्ही बरोबर होता — तर नुसते हसले. समजूत घालतेय वाटलं त्यांना. त्या दुपारपासून कीबोर्डला हात नाही.

संध्याकाळी नीरजा आली तर म्हणाले, "तूच बघ आता सगळं." काय खूश झाली पोरगी! आजार आता तिलाही कळलाय — लपणार कसा? — पण ती दुपार मी सांगितली नाही. अजून ती सगळ्यांना कौतुकानं सांगते, बाबांनी शेवटी माझं ऐकलं. तुम्हालाही सांगितलं असेल... सांगितलं ना?

सांगू द्या तिला. — उचला आता. अन् जाताना दार ओढून घ्या.